कोळसा उचलण्याआधी : जळालेल्या लाकडी वास्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

उत्खननात सापडणारा लोणारी कोळसा आणि जळालेली लाकडी बांधकामं यांच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. बरेचसे प्रश्न प्रत्यक्ष खंदकात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आहेत. सगळ्या उत्तरांमागे आमचा एकच आग्रह आहे, तो आधीच सांगून टाकतो. कोळशाचा तुकडा कोणत्या झाडाचा, हे सूक्ष्मदर्शक सांगतो. तो तुकडा खांबाचा, छपराच्या वाशाचा की चुलीतल्या सरपणाचा, हे मात्र तो मातीत कुठे आणि कसा पडला होता यावरूनच कळतं. ही नोंद उचलण्याआधी झाली नाही, तर नंतर ती कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

प्रश्न : घर जळालं तर लाकडाची राख व्हायला हवी. मग हजारो वर्षांनी कोळसा सापडतो तो कसा?

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी निघून जातं. लाकूड मुख्यतः हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन या तीन घटकांचं बनलेलं असतं. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे हेमिसेल्युलोज आणि मग सेल्युलोज तुटायला लागतं. लिग्निन सगळ्यांत चिवट, ते ५०० अंशांपर्यंत हळूहळू तुटत राहतं. या तुटण्यातून वायू बाहेर पडतात आणि पेटतात. आपल्याला दिसते ती ज्वाला मुख्यतः या वायूंची असते. मागे उरतो तो कार्बनचा सांगाडा. त्याला भरपूर हवा मिळाली तर तोही जळून राख होते, हवा तुटली तर तो कोळसा म्हणून टिकतो.

म्हणजे कोळसा टिकला याचा अर्थ त्या जागी हवा कमी पडली. जळणाऱ्या घरात अशा जागा ठरलेल्या असतात : कोसळलेल्या मातीच्या भिंतीखाली दबलेले वासे, वरून लिंपण पडून झाकली गेलेली फळी, दारापाशी ढिगाऱ्यात अडकलेला उंबरा, जमिनीच्या पातळीलगतचा खांबाचा भाग. आढं आणि छपराचा वरचा भाग उंचावर, मोकळ्या वाऱ्यात असतो. त्याची बहुधा राखच होते, आणि ती राख पावसात विरघळून जाते. त्यामुळे सापडलेल्या लाकडांची यादी ही त्या घराच्या लाकडांची पूर्ण यादी नसते. अहवाल लिहिताना ही गोष्ट फार वेळा विसरली जाते.

एकदा तयार झालेला कोळसा जिवाणू आणि बुरशी सहसा खात नाहीत. त्याला मारक ठरतं ते भौतिक बळ : मातीचा दाब, ओल आणि वाळ यांची आवर्तनं, दंव, झाडांची मुळं, माणसांची पावलं. खूप अल्कधर्मी मातीत आणि राखेच्या थरात तो रासायनिकदृष्ट्याही झिजतो.

खांबांबद्दल एक सावधगिरी. जमिनीत गाडलेला भाग आगीत सहसा जळत नाही, कारण तिथे हवाच नसते. तो नंतर कुजतो आणि त्याच्या जागी गडद मातीचा गोल उरतो. गाडलेल्या भागालाच बाहेरून पातळ, एकसारखा कोळशाचा थर असेल आणि वरच्या जमिनीवर आगीची खूण नसेल, तर खांब कुजू नये म्हणून पुरण्याआधीच भाजलेला असू शकतो. काळा खांब दिसला म्हणून घर जळालं असं लगेच लिहू नये.

प्रश्न : खंदकात सलग जळकी तुळई दिसली. आता काय करायचं?

पहिलं काम थांबण्याचं. तुळईवर सावली करा. बाहेरच्या हवेत ओला कोळसा तासाभरात आकसू लागतो आणि तडे जातात, म्हणून बारीक फवाऱ्याने माती दमट ठेवा. धार मात्र सोडू नका. लोखंडी खुरपं बाजूला ठेवून बांबूची किंवा लाकडाची पट्टी आणि मऊ ब्रश घ्या. ब्रश तंतूंच्या दिशेने आणि हलक्या हाताने फिरवा. आडवा घासला तर बाहेरची वलयं (खोडात दरवर्षी वाढणारी वर्तुळं) खरवडली जातात आणि नेमकी तीच सर्वांत मोलाची असतात. सुरुवातीला फक्त वरची बाजू उघडी करा. चारही बाजूंनी मोकळी केलेली तुळई स्वतःच्या वजनाने मोडते.

मग नोंद. प्रत्येक लाकडाला स्वतंत्र क्रमांक द्या, मोडून दोन झालेल्या लाकडाला एकच क्रमांक आणि पुढे अ, ब. वरून एकमेकांवर येणारे फोटो घ्या म्हणजे त्रिमितीय प्रतिकृती करता येते. तरीही १:१० प्रमाणात हाताने आराखडा काढाच, कारण चित्र काढताना डोळ्यांना जे दिसतं ते फोटोत अनेकदा निसटतं. लांबी, दोन्ही टोकांची रुंदी आणि जाडी, दिशा, उतार, दोन्ही टोकांची पातळी लिहा. कोणतं लाकूड कोणावर पडलं आहे ते लिहा. छप्पर आधी आलं की भिंत आधी पडली, हे या क्रमावरूनच ठरतं. खाच, कूस, खुंटीचं भोक, तासल्याच्या खुणा, साल आहे का, कोणत्या बाजूला कोळसा जास्त खोल गेला आहे, हे सगळं जागेवरच पाहायचं. खालची माती लाल झाली आहे का तेही पाहा. लाल असेल तर ते लाकूड तिथेच तापलं. नसेल तर ते उशिरा पडलं असेल, किंवा मध्ये गवत-चटईसारखं काही असेल.

नमुना घ्यायची जागा निवडताना गाभ्यापासून सालीपर्यंतचा छेद जिथे सर्वांत पूर्ण आहे ती निवडा. उचलण्याआधी त्या भागाला सुती पट्टी किंवा दोरा घट्ट गुंडाळा, खालून पातळ पत्रा सरकवा आणि तळाच्या मातीसकट उचला. कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत) साठीचा तुकडा वेगळा काढून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवा. त्याला कापूस, टिश्यू पेपर, दोरा लागू देऊ नका. या वस्तूंचे तंतू म्हणजे आजचा कार्बन. त्याच्यावर डिंक, राळ किंवा मजबुतीचं कुठलंही द्रावण घालायचं नाही. ओला कोळसा बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला की बुरशी येते आणि कागदी चिठ्ठी कुजते. पिशवीला भोकं पाडा, चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत घाला आणि क्रमांक बाहेरही लिहा. सुकवायचं ते सावलीत, हळूहळू, काही दिवस जाऊ देत. उन्हात ठेवलेला कोळसा वलयांना छेदून फुटतो आणि मग वलयं मोजता येत नाहीत.

प्रश्न : मातीत विखुरलेल्या कोळशासाठी किती माती घ्यावी? तुकडे किती तपासावेत?

एका स्तरातून ४० ते ६० लिटर माती घेण्याची पद्धत आहे. छोटा खड्डा किंवा चूल असेल तर सगळीच घ्यावी. माती पाण्यात सोडून तरंगणारा भाग वेगळा करतात. तो ज्या चाळणीत धरायचा तिची छिद्रं ०.२५ ते ०.३ मिलिमीटर हवीत, खाली बसणाऱ्या गाळासाठी १ मिलिमीटर चालते. चिकणमाती असेल तर आधी थोडा खाण्याचा सोडा घालून भिजवून ठेवावी, ढेकळं हाताने कुस्करू नयेत.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे पूर्ण सुकलेला कोळसा एकदम पाण्यात टाकणं. छिद्रांत पाणी घुसताना अडकलेली हवा त्याला आतून फोडते. दुसरी म्हणजे तळाचा गाळ न पाहताच फेकणं. ज्याच्या छिद्रांत चुना किंवा लोहाची संयुगं साचली आहेत तो कोळसा जड होतो आणि बुडतो. तरंगलेलाच भाग तपासला तर असे तुकडे मोजणीतून गळतात, आणि ते सगळ्या झाडांचे सारख्या प्रमाणात गळत नाहीत.

सुकल्यावर ४ आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. ४ वरचे तुकडे ओळखायला सोयीचे, २ ते ४ मधलेही काही घ्यावेत. २ च्या खाली ओळख बेभरवशाची होते. थंड-समशीतोष्ण प्रदेशातल्या एका नमुन्यातून १०० तुकडे सहसा पुरतात. वृक्षांची विविधता जास्त असेल तिथे एका स्तरातून २५० ते ५०० लागू शकतात. आकडा पाठ करण्यापेक्षा आलेख काढत जा : आडव्या अक्षावर तपासलेले तुकडे, उभ्या अक्षावर सापडलेल्या प्रजाती. रेषा आडवी झाली की थांबा. तुकडे निवडताना डोळे मिटून निवडल्यासारखी यादृच्छिकता हवी. हात आपोआप मोठ्या आणि सहज ओळखू येणाऱ्या तुकड्यांकडे जातो, आणि मग यादीत साग किंवा ओकसारखी, वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं असणारी लाकडं उगाच फुगतात.

तुकडे मोजावेत की वजन करावं, यावर जुना वाद आहे. दोन्ही करा, एका तुळईचे पाचशे तुकडे झाले असतील तर ते एकच लाकूड धरा. पाचशे धरले तर अख्खी आकडेवारी त्या एका तुळईचीच होते.

प्रश्न : काळा पडलेला तुकडा कोणत्या झाडाचा, हे ओळखतात कसं?

जळताना लाकूड आकसतं, पण पेशींची मांडणी राहते. ती तीन बाजूंनी पाहावी लागते : आडवा छेद, वलयांना स्पर्श करणारा उभा छेद आणि गाभ्यातून बाहेर जाणारा उभा छेद. कोळसा कापायचा नसतो, मोडायचा असतो. आडव्या छेदासाठी दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच मोडा. उभ्या छेदांसाठी रेझर ब्लेडची धार नेमक्या दिशेला टेकवून किंचित दाब द्या. ब्लेडने कापलं तर भुकटी पेशींत भरते आणि काहीच दिसत नाही. ताजा पृष्ठभाग वर येईल असा तुकडा बारीक वाळूत किंवा प्लास्टिसिनवर बसवा. १० पट भिंगाखाली आडवा छेद पाहून गट पाडता येतात. नेमक्या ओळखीसाठी वरून प्रकाश टाकणारा सूक्ष्मदर्शक लागतो, ५० ते ५०० पट मोठं दाखवणारा.

आडव्या छेदात वाहिन्यांची (झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची) छिद्रं आहेत का, एकेकटी की ओळीने, वलयाच्या सुरुवातीला दाटलेली की सगळीकडे पसरलेली, हे कळतं. छिद्रंच नसतील तर सूचिपर्णी वृक्ष. उभ्या छेदांत मज्जाकिरणांची (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची) रुंदी, त्यांतल्या पेशींचे प्रकार, वाहिन्यांच्या टोकाच्या जाळ्या दिसतात. विलो आणि पॉप्लर आडव्या छेदात जवळजवळ सारखे दिसतात. गाभ्यातून बाहेर जाणाऱ्या छेदात किरणांच्या पेशी पाहिल्यावर ते वेगळे काढता येतात. ओळख बहुतेक वेळा प्रजातीपर्यंत जात नाही, वंशापाशी, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटापाशी, थांबते. तिथेच थांबण्यात प्रामाणिकपणा आहे.

तुलनेसाठी स्वतःचा संग्रह करा. नाव नक्की माहीत असलेल्या झाडाचे खोड, फांदी आणि डहाळी या तिन्हींचे तुकडे फॉइलमध्ये गुंडाळून किंवा मुशीत वाळूखाली पुरून भट्टीत ४०० अंशांवर तासभर ठेवा आणि भट्टी पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. गरम असताना उघडलं तर हवा लागून तुकडा पेटतो. ताज्या लाकडाच्या पुस्तकातल्या मापांवर विसंबू नका, कारण आकसणं तिन्ही दिशांना वेगवेगळं असतं. वलयांच्या समांतर दिशेला सर्वांत जास्त, तंतूंच्या लांबीला सर्वांत कमी.

प्रश्न : जळक्या खांबाचं कार्बन-१४ वय त्याच जमिनीवरच्या मडक्यांपेक्षा दीडशे-दोनशे वर्षं जुनं आलं. प्रयोगशाळेची चूक आहे का?

बहुधा नाही. झाडाचं प्रत्येक वलय फक्त त्या वर्षाचा कार्बन घेतं. दोनशे वलयांच्या खोडाचा गाभा झाड तोडलं तेव्हाच दोनशे वर्षं जुना असतो. शिवाय आगीत बाहेरची वलयं आधी जळून जातात आणि नमुन्याला गाभाच हाती लागतो. त्यात खांब जुन्या घराचा काढून पुन्हा वापरलेला असेल तर फरक आणखी वाढतो. थोडक्यात, मिळालेलं वय त्या वलयांचं आहे, आगीचं नव्हे.

उपाय नमुना निवडण्यात आहे. कुडाच्या काड्या, छपराचं गवत, सालीसकट डहाळ्या, आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे घरात साठवलेलं आणि आगीत करपलेलं धान्य. ते एका हंगामाचं असतं. एएमएस (कार्बन-१४ चे अणू थेट मोजणारी) पद्धतीला स्वच्छ कोळसा १० ते २० मिलिग्रॅमही पुरतो, त्यामुळे लहान तुकडा म्हणून डहाळी टाकून देण्याचं कारण नाही. आधी तुकडा ओळखून घ्या, मगच पाठवा. न ओळखलेल्या कोळशाचं वय काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळेत आम्ल, अल्क आणि पुन्हा आम्ल यांनी धुऊन मातीतला चुना आणि ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारी) काढतात; बारीक मुळं मात्र तुम्ही भिंगाखाली चिमट्याने वेचून काढायला हवीत.

तुळईत पुष्कळ वलयं असतील तर एकाऐवजी अनेक नमुने घ्या, उदाहरणार्थ १ ते ५, २१ ते २५, ४१ ते ४५ अशा ठरावीक अंतराच्या वलयांतून. त्यांच्यातलं अंतर वर्षांत पक्कं माहीत असल्याने सगळी वयं एकत्र बसवता येतात. इसवी सनापूर्वी ८०० ते ४०० या काळात अंशांकन वक्र (कार्बन-१४ वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करणारा आलेख) जवळजवळ सपाट आहे. तिथे सुट्या नमुन्याचं वय शतकांच्या पट्ट्यात पसरतं आणि ही पद्धत फारच उपयोगी पडते.

प्रश्न : कोळशावरून वलयांची मोजणी करून नेमकं वर्ष काढता येतं का?

येतं. ५० पेक्षा जास्त वलयं हवीत, ८० ते १०० असतील तर उत्तम, आणि त्या प्रदेशाची त्या झाडाची कालमालिका (वर्षवार वलयांच्या रुंदीची सलग नोंद) आधी तयार असायला हवी. कोळसा आकसला तरी रुंद-अरुंद वलयांचा क्रम बदलत नाही.

वलयांवरून काळ ठरवण्याच्या या शास्त्राच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला तुकडा जळकाच होता. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्राचीन वस्त्यांची एक लांब वलयमालिका या शास्त्राचे प्रवर्तक ए. ई. डग्लस यांच्याकडे होती, पण ती आजच्या झाडांच्या मालिकेशी जोडली जात नव्हती. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातल्या शो लो इथे एमिल हॉरी आणि लिंडन हारग्रेव्ह या पुरातत्त्वज्ञांना एक जळकी तुळई मिळाली, क्रमांक एचएच-३९. तिची वलयं इ.स. १२३७ ते १३८० ची निघाली आणि दोन्ही मालिका सांधल्या गेल्या. त्या काळी असे ठिसूळ तुकडे दोऱ्याने बांधून पेट्रोलमध्ये विरघळवलेल्या पॅराफिनमध्ये बुडवत. तेव्हा कार्बन-१४ पद्धत अस्तित्वातच नव्हती. आज तसं केलं तर पॅराफिनमधला खनिज तेलाचा, कार्बन-१४ न उरलेला कार्बन वय जुनं दाखवेल, म्हणून आधी कालमापनाचा तुकडा बाजूला काढायचा, मग बाकीचा मजबूत करायचा.

सालीलगतचं शेवटचं वलय असेल तरच तोडणीचं वर्ष मिळतं. ते नसेल तर अहवालात ‘या वर्षानंतर कधीतरी’ एवढंच लिहावं.

प्रश्न : आग अपघाताने लागली की मुद्दाम लावली, हे कोळशावरून कळतं का?

एकट्या कोळशावरून नाही. कोळसा, भाजलेलं लिंपण, घरातल्या वस्तू आणि किडे यांची साक्ष जुळवावी लागते. आग्नेय युरोपातल्या नवाश्मयुगीन विंचा संस्कृतीची कुडा-मातीची घरं अतिशय तीव्र तापमानाला भाजलेली सापडतात. पुरातत्त्वज्ञ मिर्याना स्तेवानोविच यांनी १९९७ मध्ये मांडलं की एवढी उष्णता घराच्या स्वतःच्या लाकडातून सहजी मिळत नाही, जादा इंधन घालून ती घरं मुद्दाम जाळली असावीत. जाड लिंपणाच्या भिंतीत लाकूड झाकलेलं असतं, त्यामुळे हा मुद्दा वजनदार आहे.

इंग्लंडमधल्या मस्ट फार्मची परिस्थिती याउलट. इसवी सनापूर्वी ८५० च्या सुमाराची ही खांबांवरची वस्ती जळून थेट खालच्या संथ नदीत कोसळली. पाण्याने आग विझली आणि गाळाने सगळं झाकलं. २०१५-१६ च्या उत्खननात लाकडं न मुरलेली, ओलीच वापरलेली दिसली, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा मागमूस जवळपास नव्हता. यावरून वस्ती बांधल्यानंतर वर्षाच्या आतच जळाली असा निष्कर्ष निघाला. कोकरांची हाडं तीन ते सहा महिन्यांची, म्हणून आग उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदाच्या सुरुवातीला लागली असावी.

काही खुणांवर जास्त भार टाकू नये. काचेसारखा चकाकणारा, वितळल्यासारखा कोळसा पूर्वी फार जास्त तापमानाची खूण मानत. प्रयोगांत नुसतं तापमान वाढवून तसा कोळसा तयार झालेला नाही. तडे दिसले म्हणून लाकूड ओलं होतं हेही पक्कं नाही. कोळशाच्या जाडीवरून आगीचा वेळ काढण्याचा मोह होतो, कारण आजच्या युरोपीय बांधकाम मानकात सूचिपर्णी लाकडासाठी मिनिटाला ०.६५ मिलिमीटर हा दर दिलेला आहे. पण तो प्रमाणित आगीसाठी आहे. ढिगाऱ्याखाली तुळई तासन्‌तास, कधी दिवसभर धुमसत राहते, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. वाहिन्यांत बुरशीचे धागे दिसले तर ते नोंदवाच : लाकूड जळण्याआधीच कुजू लागलं होतं.

मुद्दाम किंवा अपघाताने जळालेल्या प्रतिकृती इथे फार उपयोगी आहेत. डेन्मार्कमधल्या लेयरे इथे लोहयुगीन घराची प्रतिकृती १९६७ मध्ये जाळली आणि १९९२ मध्ये खणली; इंग्लंडच्या वेस्ट स्टो इथे २००५ मध्ये अपघाताने जळालेली प्रतिकृतीही रीतसर खणून अभ्यासली गेली. कोणतं लाकूड कुठे होतं हे आधी माहीत असल्यामुळे काय टिकतं आणि काय नाहीसं होतं, हे तिथे ताडून पाहता येतं.

प्रश्न : घराच्या लाकडांवरून आसपासचं जंगल कसं होतं ते सांगता येईल का?

बांधकामाच्या लाकडावरून नाही. सरळ, टिकाऊ, ठरावीक जाडीचं लाकूड माणसं निवडून आणतात, कधी लांबूनही आणतात. जंगलासाठी दीर्घकाळ साचलेला, विखुरलेला सरपणाचा कोळसा वापरा. एका चुलीतला शेवटचा जाळही नको, तो एका दिवसाचा असतो. म्हणूनच जळालेल्या घराच्या जमिनीवरचे नमुने आणि त्याखालच्या वापराच्या थरातले नमुने कधीही एका पिशवीत घालू नयेत.

प्रश्न : मातीतला काळा डाग कोळसाच आहे, हे जागेवर कसं ओळखावं?

भिंग लावा. ताज्या मोडीत वलयं किंवा छिद्रं दिसली तर कोळसा. मँगनीजचा डाग मातीच्या कणांवर लेपासारखा असतो, त्याला रचना नसते. करपलेलं हाड जड लागतं आणि त्याची मोड वेगळी दिसते. शंका असेल तर तुकडा बोटांनी चोळून बघू नका, डबीत ठेवा.

प्रश्न : तपासून झालेले तुकडे ठेवावेत का?

ठेवावेत. ओळखलेला प्रत्येक तुकडा लाकडाच्या क्रमांकासह छोट्या डबीत, आणि प्रत्येक तुळईचा निम्मा नमुना न मोडता, न धुता, फॉइलमध्ये. पूर्वी कालमापनाला कितीतरी ग्रॅम कोळसा लागायचा, आता काही मिलिग्रॅम पुरतात. नमुना संपवलेला नसेल तरच अशा सुधारणांचा फायदा जुन्या उत्खननाला मिळतो.